अमेरिकेत समन्स बजावणारी खासगी माणसे : राज्याराज्यांचे परवाना-नियम

मुळाकाठ (धागाकर्ता)

आमच्या महाराष्ट्र मंडळातील काही निवृत्त मंडळी अलीकडे मला एकच प्रश्न विचारत आहेत : कोर्टाचे कागद लोकांच्या हाती नेऊन देण्याचे काम इथे खासगी माणसे पैसे घेऊन करतात, तर त्यासाठी परवाना लागतो का, आणि लागत असेल तर तो देतो कोण? मी कॅलिफोर्नियात एका वकिली कार्यालयात पॅरालीगल (वकिलांचा कायदेविषयक साहाय्यक) आहे आणि बजावणीचे अहवाल तपासणे हे माझे रोजचे काम आहे. प्रत्येकाला तुकड्या-तुकड्याने सांगत बसण्यापेक्षा सगळे एका जागी लिहून ठेवावे, म्हणून हा धागा.

आपल्याकडे दिवाणी दाव्याचे समन्स म्हटले की बेलीफ आठवतो. तो न्यायालयाचा नोकर असतो, आणि त्याने लिहिलेल्या अहवालामागे त्याच्या पदाचे वजन असते. अमेरिकेत शेरीफ आणि कॉन्स्टेबल (स्थानिक कायदा-अंमलबजावणी अधिकारी) हे काम करतातच, पण त्यांच्या बरोबरीने, आणि मोठ्या शहरांत तर त्यांच्याहून अधिक, खासगी माणसे ते करतात. या माणसांवर देखरेख कोणी ठेवायची, हे प्रत्येक राज्याने आपापल्या पद्धतीने ठरवले आहे. काही राज्यांनी ते ठरवण्याच्या भानगडीतच न पडणे पसंत केले आहे.

फेडरल (केंद्रीय) न्यायालयांत पूर्वी हे काम मुख्यतः यू. एस. मार्शल या केंद्रीय अधिकाऱ्याकडे असे. १९८३ मध्ये तिथल्या दिवाणी प्रक्रियेचा नियम ४ बदलला, आणि तेव्हापासून अठरा वर्षे पूर्ण झालेली, दाव्यात पक्षकार नसलेली कोणीही व्यक्ती समन्स बजावू शकते. त्यासाठी ना परीक्षा आहे, ना नोंदणी. न्यू जर्सीसारख्या अनेक राज्यांचे धोरण साधारण याच वळणाचे आहे. पेनसिल्व्हेनियात याच्या अगदी उलट स्थिती आहे : दाव्याचा पहिला कागद शेरीफनेच बजावावा हा तिथला सर्वसाधारण नियम असून फिलाडेल्फियात मात्र इतर सक्षम प्रौढ व्यक्तीलाही ती मुभा दिलेली आहे.

जिथे नियमन आहे, तिथेही ते एकाच प्रकारच्या कार्यालयाकडे नाही. वॉशिंग्टन राज्यात काउंटी (आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) ऑडिटरकडे नोंदणी होते. नेवाडाने हा व्यवसाय खासगी गुप्तहेरांना परवाने देणाऱ्या मंडळाकडे सोपवला आहे. ॲरिझोनात राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने घालून दिलेल्या संहितेनुसार परीक्षा देऊन प्रमाणपत्र घ्यावे लागते. फ्लोरिडात दोन वाटा आहेत : एक तर शेरीफच्या यादीवर नाव लावून घ्यायचे, किंवा परीक्षा देऊन आणि ५,००० डॉलरचा बाँड (आर्थिक हमी) भरून त्या सर्किटच्या, म्हणजे न्यायालयीन विभागाच्या, मुख्य न्यायाधीशांकडून प्रमाणित व्हायचे. शिवाय फ्लोरिडात कागदाच्या प्रतीवर बजावणीची तारीख, वेळ, आद्याक्षरे किंवा सही आणि आपला क्रमांक लिहावा लागतो, आणि न्यायालयाच्या खास हुकुमाशिवाय रविवारी केलेली बजावणी चालत नाही.

कॅलिफोर्नियाबद्दल मला जरा सविस्तर लिहिता येईल. बिझनेस अँड प्रोफेशन्स कोडच्या कलम २२३५० नुसार, जो माणूस मोबदला घेऊन एका कॅलेंडर वर्षात दहापेक्षा अधिक बजावण्या करतो, त्याने राहत्या किंवा व्यवसायाच्या काउंटीच्या क्लार्ककडे नोंदणी केली पाहिजे. अर्जदार आधीचे सलग एक वर्ष राज्याचा रहिवासी हवा, त्याच्यावर गंभीर गुन्ह्याची शिक्षा नको, बोटांचे ठसे द्यायचे, आणि २,००० डॉलरचा बाँड किंवा तितकी रोख रक्कम ठेवायची. नोंदणी दोन वर्षे चालते आणि एका काउंटीत केली तरी राज्यभर उपयोगी पडते. शेरीफ, वकील, वकिलांचे कर्मचारी आणि परवानाधारक खासगी गुप्तहेर यांना ती लागत नाही. त्यामुळे आमच्या कार्यालयातला एखादा मुलगा स्वतः कागद देऊन आला, तर तो नियमात बसतो.

आता जे बहुतेकांच्या लक्षात येत नाही ते सांगतो. या राज्यातही समन्स बजावण्याचा मूळ अधिकार नोंदणीतून येत नाही. अठरा वर्षांवरील, पक्षकार नसलेला कोणीही तुमच्या दाव्याचा कागद नेऊन देऊ शकतो. नोंदणीमुळे वाढते ते त्याच्या शब्दाचे वजन. एव्हिडन्स कोडच्या कलम ६४७ प्रमाणे नोंदणीकृत माणसाच्या अहवालातील मजकूर खरा असल्याचे गृहीत धरले जाते आणि तसे नसल्याचा पुरावा पुढे आणण्याचा भार प्रतिवादीवर येतो. बिगर-नोंदणीकृत माणसाच्या अहवालाला हे गृहीतक लागू होत नाही. म्हणून माझ्या मते या सगळ्या नियमांकडे धंद्याचा परवाना म्हणून पाहण्याऐवजी पुराव्याच्या कायद्याचा एक भाग म्हणून पाहायला हवे. इतर राज्यांतील सदस्यांनी आपापल्या ठिकाणची माहिती जोडावी, अशी विनंती.

शंकासुर

धागा माहितीपूर्ण आहे, पण शेवटच्या परिच्छेदाने माझी शंका कमी होण्याऐवजी वाढली. दोन हजार डॉलरचा बाँड आणि बोटांचे ठसे यांच्या बदल्यात एखाद्या माणसाचे म्हणणे खरे धरले जाणार असेल, तर हा सौदा दावा लावणाऱ्याच्या फायद्याचा झाला, ज्याच्या दारात कागद यायचा त्याच्या नव्हे. ज्याला समन्स मिळालेच नाही त्याने ते मिळाले नसल्याचा पुरावा आणायचा कुठून? घडलेल्या गोष्टीचा पुरावा देता येतो, न घडलेल्या गोष्टीचा कसा देणार?

मला असेही वाटते की पुष्कळ परवाने हे आत असलेल्यांनी बाहेरच्यांना रोखण्यासाठी बांधलेले कुंपण असते. फेडरल न्यायालयांचा कारभार कोणत्याही परवान्याशिवाय चालतो आहे आणि त्यामुळे आकाश कोसळलेले नाही. मग राज्यांनी एवढा खटाटोप करण्याचे नेमके कारण काय?

क्वीन्सवासी

शंकासुर, कारण न्यूयॉर्क शहरात भरपूर सापडेल. आधी एक स्पष्ट करतो : इथला परवाना राज्याचा नाही, शहराचा आहे. तो शहराचे ग्राहक व कामगार संरक्षण खाते देते, आणि बारा महिन्यांत पाच किंवा अधिक प्रकरणांत बजावणी करणाऱ्याला तो घ्यावाच लागतो. शहराची हद्द सोडून पुढे गेलात की हा नियम संपतो.

परवाना पूर्वीपासून होता, पण तो बरीच वर्षे नावापुरताच होता. कर्जवसुली करणाऱ्या कंपन्या क्रेडिट कार्डाची जुनी थकबाकी घाऊक भावात विकत घेत, हजारोंनी दावे लावत, आणि एकेका बजावणीमागे बजावणाऱ्याच्या हाती इतके थोडे पैसे पडत की चार जिने चढून दार वाजवण्यापेक्षा कागद फेकून देऊन 'बजावणी झाली' असे शपथपत्र करणे त्याला परवडे. याला इकडे सीवर सर्व्हिस म्हणतात. प्रतिवादीला दाव्याची खबरच नसते, तो हजर राहत नाही, एकतर्फी हुकूमनामा होतो, आणि पुढे कधीतरी पगारातून पैसे कापले गेले किंवा बँकेचे खाते गोठले की त्याला उलगडा होतो. २००९ मध्ये राज्याचे तत्कालीन ॲटर्नी जनरल अँड्र्यू कुओमो यांनी लाँग आयलंडवरील एका बजावणी-कंपनीच्या कामावर आधारलेले सुमारे १ लाख एकतर्फी हुकूमनामे रद्द करावेत म्हणून कारवाई केली. त्याच वर्षी फेडरल न्यायालयात साइक्स व इतर कर्जदारांचा कर्जवसुली करणाऱ्यांविरुद्धचा सामूहिक दावा दाखल झाला. त्यात बजावणी करणाऱ्यांच्याच नोंदी एकमेकींशेजारी ठेवून पाहिल्या, तेव्हा एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणी हजर असल्याचे शपथेवर लिहिलेले आढळले. तो दावा पुढे ५.९ कोटी डॉलरच्या तडजोडीने मिटला.

या पार्श्वभूमीवर शहराने २०१० चा स्थानिक कायदा क्रमांक ७ केला. एकट्या माणसासाठी १०,००० डॉलरचा आणि एजन्सीसाठी १ लाख डॉलरचा बाँड ठरला, परीक्षा आली, नोंदी सात वर्षे जपण्याची सक्ती झाली, आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक बजावणीच्या वेळी जीपीएसवर जागा आणि वेळ नोंदवणे बंधनकारक झाले. नियमबाह्य बजावणीमुळे ज्याचे नुकसान झाले, त्याला भरपाईसाठी दावा लावण्याचा हक्कही याच कायद्याने दिला.

तुमचा प्रश्न होता की न घडलेल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून. मी भाडेकरूंना मदत करणाऱ्या एका स्वयंसेवी गटात शनिवारी बसतो, तिथला एक कागद डोळ्यांपुढे आणून पाहा. न्यूयॉर्कच्या कायद्याप्रमाणे, कागद प्रत्यक्ष कुणाच्या हाती दिला असेल तर त्या व्यक्तीचे लिंग, त्वचेचा रंग, केसांचा रंग, अंदाजे वय, उंची आणि वजन शपथपत्रात लिहावे लागते. एका मराठी आजींच्या प्रकरणात कागद 'सहरहिवासी' पुरुषाकडे दिल्याचे लिहिले होते : वय पस्तीसच्या आसपास, केस तपकिरी, उंची सहा फुटांच्या जवळ. आजी त्या घरात एकट्या राहतात, आणि त्यांच्याकडे येणाऱ्या-जाणाऱ्यांत असा कोणी नाही. या वर्णनाच्या आधारे आम्ही ट्रॅव्हर्स हिअरिंग मागितले, म्हणजे बजावणी खरोखर झाली का एवढ्याच मुद्द्यावरची सुनावणी. न्यायाधीशांनी जीपीएसची नोंद आणि नोंदवही हजर करायला सांगितली. पुढच्या तारखेला समोरच्या वकिलांनी दावा काढून घेतला. परवान्याची सक्ती नसती, तर मागण्यासारखी नोंदवहीच अस्तित्वात नसती.

टेक्सासकर

ह्यूस्टनमधून थोडी भर घालतो. आमच्याकडे पूर्वी खासगी माणसाला बजावणीसाठी न्यायालयाचा लेखी हुकूम लागत असे, आणि तो देण्याची रीत न्यायालयागणिक बदलत असे. एका काउंटीत चालणारा माणूस शेजारच्या काउंटीत चालेलच याची खात्री नसे. २००५ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने संपूर्ण राज्यासाठी एकच प्रमाणन सुरू केले. २०१४ पासून ते ज्युडिशियल ब्रँच सर्टिफिकेशन कमिशनकडे आहे. न्यायालयीन लघुलेखक, दुभाषे आणि पालकत्वाचे व्यावसायिक यांची प्रमाणपत्रेही तेच कमिशन देते. अर्जदाराला मान्यताप्राप्त प्रशिक्षणवर्ग पूर्ण करावा लागतो आणि त्याची गुन्हेगारी पार्श्वभूमी तपासली जाते.

प्रमाणपत्र मिळाले म्हणजे सगळी कामे करता येतात, असा समज मात्र कोणी करून घेऊ नये. घर खाली करून घेण्याच्या दाव्याचे समन्स, किंवा ज्यात एखादी वस्तू, मालमत्ता अथवा व्यक्ती प्रत्यक्ष ताब्यात घ्यायची असते असा हुकूम, न्यायालयाने वेगळी लेखी परवानगी दिल्याशिवाय शेरीफ किंवा कॉन्स्टेबलच बजावू शकतो. ही रेघ मला योग्य वाटते. कागद हाती देणे वेगळे आणि सामान बाहेर काढणे वेगळे. दुसऱ्या कामात बळाचा वापर येतो, आणि तो खासगी हातांत जाता कामा नये. रविवारी सर्वसाधारण दिवाणी समन्स आमच्याकडेही बजावता येत नाही. मनाई हुकूम, जप्ती यांसारखे मोजके अपवाद आहेत.

धागाकर्त्यांच्या पुराव्याच्या मुद्द्याला पुष्टी देणारी एक तरतूद इथेही आहे. अहवालावर प्रमाणित व्यक्तीचा ओळख क्रमांक आणि प्रमाणपत्र कधी संपते ती तारीख लिहावी लागते, आणि असा अहवाल किमान दहा दिवस न्यायालयात दाखल असल्याशिवाय एकतर्फी निकाल देता येत नाही. प्रमाणपत्राची तारीख उलटून गेलेल्या माणसाने केलेली बजावणी प्रतिवादीचा वकील सर्वांत आधी हेरतो, त्यामुळे वादीचे वकील माणूस नेमण्यापूर्वी कमिशनच्या यादीत त्याचे नाव पाहून घेतात.

शंकासुर

क्वीन्सवासी यांच्या प्रतिसादातून मी वेगळा निष्कर्ष काढतो. तुमच्या आजींना वाचवले ते नोंदीने, परवान्याने नव्हे. परवाना तर घोटाळ्यांच्या काळातही होता, असे तुम्हीच लिहिले आहे. मग सरळ कायदा करा की बजावणी कोणीही करो, जागेची आणि वेळेची यांत्रिक नोंद नसेल तर एकतर्फी निकाल मिळणार नाही. मंडळ, परीक्षा, बाँड यांची गरजच उरणार नाही.

न्यूयॉर्क राज्याने २०२१ च्या ग्राहक-कर्ज कायद्यात याच दिशेने एक साधी गोष्ट केली आहे, जी मला जीपीएसपेक्षाही परिणामकारक वाटते. अशा दाव्यांत न्यायालयाचा क्लार्क स्वतः प्रतिवादीच्या पत्त्यावर टपालाने वेगळी सूचना पाठवतो, आणि ती 'पत्त्यावर राहत नाही' म्हणून परत आली तर सहसा एकतर्फी निकाल देता येत नाही. बजावणाऱ्याच्या प्रामाणिकपणावर विसंबून राहण्याची वेळच इथे कमी येते.

क्वीन्सवासी

टपालाच्या सूचनेबद्दल पूर्ण सहमत, पण ती ग्राहक-कर्जाच्या दाव्यांपुरती आहे. आजींचे प्रकरण घरभाड्याचे होते. आणि नोंद ठेवली नाही किंवा खोटी ठेवली, तर शिक्षा कोणाला आणि कशी करायची? न्यायालय फार तर तो एक दावा फेटाळेल. तोच माणूस दुसऱ्या दिवशी दुसऱ्या वकिलासाठी तेच करील. परवाना रद्द करता येतो, बाँडमधून पैसे वसूल करता येतात, आणि शहराचे खाते एखाद्याच्या सगळ्या नोंदी एकत्र मागवून पाहू शकते. एकाच वेळी दोन ठिकाणी असलेला माणूस एका दाव्याच्या कागदांत कधीच दिसत नाही. शेकडो दावे एकत्र पाहिल्यावरच दिसतो.

सदाशिवपेठी वकील

चर्चा उत्तम चालली आहे. पुण्यातून दोन गोष्टी नोंदवतो, कारण अमेरिकेतील हे नियम आणि आमच्या अशिलांचा संबंध वरचेवर येतो.

पहिली गोष्ट आपल्या पद्धतीविषयी. बेलिफाचा अहवाल आपल्याकडेही आंधळेपणाने स्वीकारला जात नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश ५ नुसार, समन्स दारावर डकवले तर त्याने ते कोणत्या परिस्थितीत डकवले आणि घर कोणी ओळखून दाखवले हे लिहावे लागते, आणि त्याचा अहवाल प्रतिज्ञापत्रावर नसेल तर न्यायालयाने त्याला शपथेवर तपासायचे असते. २००२ च्या सुधारणेने कुरिअर आले आणि वादीला स्वतः समन्स बजावण्याची परवानगी देण्याची तरतूद झाली. आमच्या न्यायालयांत त्याला हमदस्त म्हणतात. म्हणजे खासगी बजावणीचे दार आपणही किलकिले केले आहे, मात्र ती करणाऱ्या व्यावसायिकाचा वर्ग आपल्याकडे तयार झालेला नाही आणि म्हणून त्याच्या नियमनाचा प्रश्नही अजून उभा राहिलेला नाही.

दुसरी गोष्ट अधिक व्यवहाराची आहे. अमेरिकेत राहणारा पती किंवा पत्नी तिकडे घटस्फोटाचा अर्ज करते आणि कागद पुण्यात बजावायचे असतात. अशा वेळी तिकडच्या कोणत्याही राज्याच्या परवान्याचा इथे उपयोग नाही. भारत २००६ मध्ये हेग बजावणी करारात (परदेशात न्यायालयीन कागद बजावण्याबाबतच्या आंतरराष्ट्रीय करारात) सामील झाला, आणि कराराच्या कलम १० मधील टपालाने किंवा थेट इथल्या अधिकाऱ्यांमार्फत कागद पोहोचवण्याच्या पद्धतींना भारताने हरकत नोंदवलेली आहे. कागद दिल्लीला केंद्रीय विधी व न्याय मंत्रालयाकडे, म्हणजे करारातील केंद्रीय प्राधिकरणाकडे पाठवायचे आणि तिथून ते संबंधित न्यायालयामार्फत बजावले जायचे, हा नियमित मार्ग. तो लांबतो, म्हणून तिकडचे काही वकील इथे खासगी माणूस नेमून कागद घरी पोहोचवतात आणि त्याचे प्रतिज्ञापत्र घेतात. तिकडचे न्यायालय त्यावर काय करील ते करील, पण तो हुकूमनामा पुढे भारतात मान्य करून घ्यायचा असेल, तर परदेशी निकाल केव्हा मानायचा हे सांगणाऱ्या संहितेच्या कलम १३ खाली नैसर्गिक न्यायाचा प्रश्न उपस्थित होतो, आणि बजावणीतला दोष तिथे हटकून उकरला जातो. १९९१ च्या नरसिंह राव प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने परदेशी घटस्फोटाच्या हुकूमनाम्याबाबत प्रतिवादीला केवळ नोटीस पोहोचणे पुरेसे मानलेले नाही, परिणामकारक रीतीने बाजू मांडण्याची संधी मिळाली होती का हे पाहिले आहे. तिकडे अर्ज करणाऱ्यांनी वेळ वाचवण्याच्या नादात हा मार्ग डावलू नये.

नवी पालवी

मी सॅन होजेला सात-आठ महिन्यांपूर्वी आले. माझ्याकडे एच-४ व्हिसा (नोकरीच्या एच-१बी व्हिसावरील माणसाच्या जोडीदाराचा) आहे आणि हे काम अर्धवेळ करता येईल का, असा विचार हा धागा वाचून मनात आला. काउंटीकडे नोंदणी झाली तर काम करता येईल ना? आणि ज्या वसाहतींना फाटक आणि पहारेकरी असतात तिथे आत जाऊ देतात का?

मुळाकाठ (धागाकर्ता)

नवी पालवी, काउंटीची नोंदणी आणि काम करण्याची परवानगी या दोन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी आहेत. काम करण्याची परवानगी फेडरल सरकार देते. एच-४ वर असताना ईएडी कार्ड (काम करण्याच्या परवानगीचे कार्ड) हाती आल्याशिवाय मोबदल्याचे कोणतेही काम करता येत नाही, आणि ते कार्ड ठरावीक परिस्थितीतच मिळते, उदाहरणार्थ जोडीदाराचा आय-१४० (नोकरीच्या आधारे ग्रीन कार्डसाठीचा) अर्ज मंजूर झालेला असेल तर. त्याशिवाय राज्यात एक वर्ष पूर्ण झालेले नसल्याने नोंदणीची अट आज तुम्ही पूर्ण करू शकत नाही. 'दहापर्यंत बजावण्या नोंदणीशिवाय चालतात' ही पळवाट म्हणून वापरू नका. ती सूट फक्त नोंदणीपासून आहे, व्हिसाच्या अटींपासून नाही.

पहारेकऱ्याबद्दल : कॅलिफोर्नियाच्या दिवाणी प्रक्रिया संहितेत कलम ४१५.२१ आहे. पहारेकरी असलेल्या फाटकबंद वसाहतीत कायदेशीर बजावणीसाठी वाजवी वेळेपुरता प्रवेश द्यावाच लागतो, पण कोणावर बजावणी करायची ते सांगावे लागते, वाहन चालवण्याचा परवाना किंवा तत्सम ओळखपत्र दाखवावे लागते, आणि नोंदणीकृत असल्याचा पुरावाही द्यावा लागतो. शेरीफ आणि परवानाधारक गुप्तहेर यांनाही हाच हक्क आहे. रस्त्यावरच्या कोणाही अठरा वर्षांच्या माणसाला तो नाही.

पुढे नोंदणी केलीत तर पीओएस-०१० हा बजावणीच्या अहवालाचा फॉर्म आधी नीट वाचून घ्या. त्यात सातव्या रकान्यात बजावणाऱ्याचे नाव, पत्ता, फोन आणि घेतलेली फी लिहायची असते, आणि त्याखाली तीन पर्यायांपैकी एकावर खूण करायची असते : नोंदणीकृत नाही, नोंदणीतून सूट आहे, किंवा नोंदणीकृत आहे. तिसऱ्यावर खूण केली की मालक, कर्मचारी की स्वतंत्र कंत्राटदार हे सांगून क्रमांक आणि काउंटी भरायची. क्रमांकाची जागा कोरी सोडलेला फॉर्म आमच्या कार्यालयातून त्याच दिवशी परत जातो, कारण तो तसाच दाखल केला तर समोरचा वकील कलम ६४७ चे गृहीतक लागू होत नाही असे म्हणायला मोकळा. आणि जोडीदाराची बदली झाली म्हणून रीनोला राहायला गेलात, तर ही नोंदणी तिथे चालणार नाही. नेवाडाच्या मंडळाकडे सगळे पहिल्यापासून करावे लागेल.